झांबरकी

साहेबांनी ‘बसा’ म्हटलं आणि झांबरे बसला नाही.

ऑगस्ट १९७८चा दुसरा बुधवार. वेळ पावणेबाराची. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात आम्ही अकरा वार्ताहर दोन रांगांत बसलो होतो. मी ‘उत्तरतीर’चा, पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा. माझ्या उजव्या हाताला ‘कंदील’चा प्रल्हाद झांबरे. तो उभा राहिला तेव्हा त्याची खुर्ची माझ्या गुडघ्याला लागली, म्हणून मी वर पाहिलं. मला वाटलं, त्याला बाहेर जायचं असेल.

बुधवारच्या त्या बैठकीत कोणी आपणहून उभं राहत नसे. रीत ठरलेली होती. ज्याला जो प्रश्न विचारायचा असेल तो त्याने मंगळवारी पाचच्या आत चिठ्ठीवर लिहून नारखेड्यांकडे द्यायचा. नारखेडे म्हणजे जिल्हाधिकारी साहेबांचे मुख्य कारकून. बुधवारी सकाळी चिठ्ठ्या परत यायच्या. काहींवर कोपऱ्यात बरोबरची खूण असे, काहींवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. खूण असलेली चिठ्ठी ज्याची, त्याचं नाव साहेब घेत. तो बसल्या जागी प्रश्न वाचत असे आणि साहेब समोरच्या कागदावरून उत्तर देत. लाल रेघेची चिठ्ठी माणूस खिशात घालून घरी नेई. मी जिल्ह्यात आलो त्याच्याही आधीपासून हे असंच चालू होतं. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

झांबऱ्याच्या हातात चिठ्ठी नव्हती. तो म्हणाला, “साहेब, पिंपळकुंडच्या सरकारी दवाखान्यात मार्चपासून सापावरची लस नाही. आषाढात दोन माणसं गेली. एक बाई, एक तरणा गडी. लस कधी येणार?”

साहेबांनी आधी नारखेड्यांकडे पाहिलं. असा प्रश्न आला होता का, असं विचारलं. नारखेड्यांनी मान हलवून नाही म्हटलं. साहेब परप्रांतातले होते. मराठी सावकाश आणि शुद्ध बोलत. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुढच्या आठवड्यात रीतसर चिठ्ठी द्या, आता बसा.

“उत्तर मिळालं की बसतो, साहेब.”

मागच्या रांगेतलं कोणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ही माहिती तुम्हाला कोणी दिली?”

“ते सांगता येणार नाही.”

“सांगा आणि बसा.”

“नाही साहेब.”

“मग उभे राहा.”

“बरं,” झांबरे म्हणाला.

तो उभा राहिला. बैठक पुढे सुरू झाली. रॉकेलचा कोटा झाला, केळीच्या वॅगनचा प्रश्न झाला, नगरपालिकेच्या निवडणुकीच्या तारखा झाल्या. त्याने काही गोंधळ केला नाही, तोंडातून शब्द काढला नाही. वही पोटाशी धरून साहेबांच्या उत्तरांची टिपणं घेत होता, उभ्यानेच. बैठक संपली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. तो एक तास दहा मिनिटं उभा होता. त्याच्या सदऱ्याची बाही अधूनमधून माझ्या कानाला लागत होती आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की सभागृहातले सगळे लोक माझ्याकडेच पाहत आहेत. प्रत्यक्षात माझ्याकडे कोणीही पाहत नव्हतं.

झांबरे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वडील नव्हते, आई आणि तो. दोन वर्षांपूर्वी खेड्यातून आला तेव्हा त्याला मथळ्यात किती अक्षरं बसतात हेही मोजता येत नव्हतं. वर्तमानपत्र दुसरं असलं तरी आपल्या बातम्या तो माझ्याकडे तपासायला आणत असे. पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, कधी. विशेषण दिसलं की काढायचं. मृतांचा आकडा दोन ठिकाणी विचारून घ्यायचा, हे सगळं त्याला मी शिकवलं. तो मला फेगडेभाऊ म्हणायचा. तो हुशार आहे असं मी चारचौघांत सांगत असे. आपण शिकवलेल्या माणसाला हुशार म्हणताना जी सुखाची चव येते, ती मला आवडत होती.

बैठकीनंतर नेहमीच्या टपरीवर चहा झाला. एरवी तिथे मी बोलायचो आणि बाकीचे ऐकायचे. त्या दिवशी सगळे झांबऱ्याभोवती होते. पाय दुखले का, भीती नाही वाटली का, घरी जाऊन काय सांगशील. आमच्यातले सगळ्यात म्हातारे वार्ताहर, ज्यांनी वीस वर्षांत एकाही साहेबाला उलट प्रश्न केला नव्हता, तेच म्हणाले, “छाती पाहिजे भो त्याले.” झांबरे हसून चहा पीत होता. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की छाती नाही, पोटऱ्या पाहिजेत. पण मला कोणी विचारलं नाही.

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. शैलाला, माझ्या बायकोला, पिठाच्या गिरणीत कळलं होतं.

“अहो, तुमच्या शेजारीच उभे होते म्हणे ते.”

मी हो म्हटलं.

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी लिहून घेत होतो.”

तिने थोडा विचार केला. “म्हणजे उद्या छापून येईल,” ती म्हणाली आणि दळण डब्यात ओतायला आत गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं; मला उत्तर देता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ‘उत्तरतीर’मध्ये काही छापून आलं नाही. उत्तर मिळालेलं नाही, म्हणजे बातमी नाही, असं आमच्या संपादकांनी सांगितलं आणि मी मान डोलावली.

पुढच्या बुधवारी झांबरे आला तो बसलाच नाही. साहेब आत आल्यावर आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे उठलो, सगळे बसलो, तो राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एवढंच विचारलं, “लस कधी येणार, साहेब?” साहेबांनी एवढंच विचारलं, “माहिती कोणी दिली?” दोघांनीही उत्तर दिलं नाही. पुन्हा तास-सव्वा तास. त्याच्या तिसऱ्या बुधवारी, तेवीस तारखेला, व्हरांड्यात माणसं जमली होती. पेन्शनीच्या कामाला आलेले म्हातारे, दाखल्यांसाठी आलेली कॉलेजची मुलं, खिडकीच्या गजांतून आत पाहत होती. साहेबांना नाही, झांबऱ्याला. एक बाई आपल्या लहानग्याला वर उचलून दाखवत होती.

मी दहा वर्षं त्या खोलीत जात होतो. मला कोणी उचलून दाखवलं नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत मला काय होत होतं ते नेमकं लिहितो. मी झांबऱ्याच्या चपलांकडे पाहत असे. अंगठ्याजवळ तुटलेल्या, सुतळीने बांधलेल्या. मला त्या चपलांचाही हेवा वाटे, कारण लोक त्यांच्याबद्दलही बोलत. त्याच्या उभं राहण्यात मी खोट शोधत असे. तो डावा पाय जास्त वेळ सैल सोडतो, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. रात्री जेवताना शैला त्याच्याबद्दल काही बोलली नाही, तरी मला वाटे की ती मुद्दाम बोलत नाही. आणि बोलली की वाटे, हिला दुसरा विषयच नाही. एकदा ती म्हणाली की त्यांच्या आईला दम्याचा त्रास आहे, नोकरी गेली तर कसं व्हायचं. मला आनंद झाल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी लगेच दाबलं, पण ते आलं होतं हे खरं.

त्याची नोकरी जाण्यासारखी होतीच. ‘कंदील’ चार पानी, सरकारी जाहिरातींवर चालणारा. मालकांना साहेबांकडून दोनदा निरोप गेला होता. दोन्ही वेळा मालकांनी, मुलगा जरा तापट आहे, समजावतो, असं कळवलं होतं. ते त्याला समजावत नव्हते, हेही सगळ्यांना माहीत होतं. गावात त्याची वाहवा होती तोवर त्याला काढणं मालकांना जड होतं. वाहवा होती तोवर साहेबांनाही.

‘उत्तरतीर’मध्ये दर शुक्रवारी तिसऱ्या पानावर एक हलकीफुलकी चौकट असायची, लेखकाचं नाव नसलेली. ती मी लिहायचो. गुरुवारी, चोवीस तारखेला, साडेसहाला मजकूर द्यायचा होता आणि सहा वाजता माझ्याकडे काहीच नव्हतं. मी कागद घेतला आणि झांबऱ्यावर लिहायला बसलो.

शब्द अडला. तो करत होता त्याला म्हणायचं काय? बंड म्हणावं तर ते फार मोठं झालं असतं. बंडाला माणसं लागतात, निदान घोषणा लागते. पुंडाई म्हणावी तर पुंड लुटतो, हा काही घेत नव्हता. शिरजोरीला अंगात जोर लागतो. हा बारीक माणूस, आवाजही न चढवणारा. हट्ट म्हटलं तर ते पोराबाळांचं. साहेबांनी ‘उभे राहा’ म्हटल्यावर हा उभा राहिला, म्हणजे त्याने आज्ञा मोडली असंही धड म्हणता येईना. मराठीत अधिकाऱ्यापुढे न नमण्याला डझनभर शब्द आहेत, त्यांतला एकही त्याच्या अंगाला बसत नव्हता. याचाही मला राग आला. मग मी त्याचंच नाव घेतलं आणि त्याला शेपूट जोडलं. पाच-सहा ओळी होत्या, मला अजून पाठ आहेत:

‘पाटीलकी गेली, देशमुखी गेली, वतने खालसा झाली, पण आपल्या जिल्ह्यात एक वतन नव्याने सुरू झाले आहे. त्याचे नाव झांबरकी. या वतनाला जमीन लागत नाही, सनद लागत नाही. लागतात फक्त दोन पाय. पिंपळकुंडच्या लसीचे निमित्त करून बसा म्हटले असता उभे राहणे आणि विचारले असता न सांगणे, एवढीच त्याची चाकरी. घरच्या पोरांवर लक्ष ठेवावे. साथ आहे.’

संपादक वाचून खूप दिवसांनी हसले. छापखान्यात खिळे जुळवणारा फोरमनही हसला. शुक्रवारी टपरीवर तो मजकूर मोठ्याने वाचला गेला आणि तिथे छातीबद्दल बोलणारेच सगळ्यात आधी हसले. झांबरे तिथे नव्हता. कोणीतरी म्हणालं, कोणी लिहिलं असेल? मी म्हणालो, अशा चौकटी कोणीही लिहितं.

तीस तारखेच्या बुधवारी साहेब आले ते हातात ‘उत्तरतीर’ घेऊन. उभ्या असलेल्या झांबऱ्याकडे पाहून त्यांनी ती चौकट वाचून दाखवली. त्यांच्या सावकाश उच्चारांत ती आणखी मजेशीर वाटली. सगळे हसले. व्हरांड्यातल्या लोकांपर्यंतही हसू गेलं. झांबरे समोर पाहत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्याने टिपणं घेणं थांबवलं होतं.

ज्या माणसाला लोक हसतात त्याला बाहेर काढायला साहेबांना अडचण राहिली नव्हती. त्याच दुपारी त्याचं प्रवेशपत्र रद्द झालं. हुकमात ‘सभेची अप्रतिष्ठा’ असे शब्द होते. शुक्रवारी ‘कंदील’च्या मालकांनी त्याला बाजारभाव उतरवून घ्यायच्या टेबलावर बसवलं. पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन अकोल्याला मामाकडे निघून गेला. मला भेटायला आला नाही. मीही गेलो नाही. माझ्या मनात होतं की आता सगळं पूर्ववत होईल.

तसं झालं नाही, त्याचं कारण पिंपळकुंड.

तिथे तो मजकूर शाळामास्तरांनी पारावर वाचून दाखवला. तिथे कोणी हसलं नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्यांना त्या ओळींतून एवढंच कळलं की आपल्या दवाखान्यासाठी कोणी एक जण साहेबापुढे चार बुधवार उभा राहिला, आणि त्या उभं राहण्याला एक नाव आहे. वतनाची थट्टा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. त्यांना शब्द पोचला.

पंचवीस सप्टेंबरला, सोमवारी, पिंपळकुंडहून तेवीस बाया एसटीने आल्या आणि कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. घोषणा नाही, फलक नाही. शिपायाने सतरंजी आणून टाकली. एकही बसली नाही. नारखेडे खाली आले, विचारलं, बायांनो काय आहे, बसून बोला. त्यांच्यातली पुढची, जिची सून आषाढात गेली होती, ती म्हणाली, “आम्ही झांबरकी कराले आलो. बसा म्हणू नका.”

मी तिथे होतो. वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. तिचं पुढचं बोलणं मला शेजारच्या वार्ताहराला विचारावं लागलं. संध्याकाळी बातमीत तो शब्द मी अवतरणात टाकला. दुसऱ्या दिवशीही. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, पिंपळकुंडच्या दवाखान्यात लसीच्या चाळीस कुप्या पोचल्या. त्या दिवशी आमच्या संपादकांनी स्वतः मथळा दिला: ‘पिंपळकुंडच्या झांबरकीला यश’. अवतरणं काढून टाकली. म्हणाले, आता सगळ्यांना कळतं.

पुढे ते सगळ्यांना कळतच गेलं. आज आमच्या जिल्ह्यात हा शब्द कोणालाही विचारा. हमालांनी खाली ठेवलेली पोती उचलायला नकार दिला की झांबरकी. सून सासऱ्यापुढे नोकरी सोडणार नाही म्हणाली की झांबरकी. शिव्या नाहीत, हातघाई नाही, फक्त जागचं हलायचं नाही आणि विचारलेलं सांगायचं नाही. गेल्या वर्षी कॉलेजचे एक प्राध्यापक जिल्ह्यातले शब्द गोळा करत माझ्याकडे आले होते. त्यांनी तीन व्युत्पत्त्या आणल्या होत्या. कोणी म्हणतं मोगलाईत झांबरखान नावाचा एक शिपाई होता. कोणी म्हणतं हा भिल्लांच्या बोलीतला शब्द. कोणी म्हणतं झांबरे आडनावाचा एक वार्ताहर होता. प्राध्यापकांनी विचारलं, असा माणूस खरोखर होता का? मी होता म्हणालो. एक्क्याण्णव साली अकोल्यात वारला. त्यांनी लिहून घेतलं. पहिला छापील वापर कुठला, असं विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणालो. तारीख, पान, रकाना, सगळं मला ठाऊक होतं. शब्द माझा होता, पण त्यात नाव त्याचं होतं. आणि माझं नाव सांगायचं तर तो मी कशासाठी घडवला हेही सांगावं लागलं असतं.

१९७८ सालीच, दिवाळीच्या आधी, नारखेडे निवृत्त झाले. निरोपाचा चहा झाल्यावर ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. सुपारी कातरत म्हणाले, “फेगडे, तुमच्या त्या सापाच्या चिठ्ठ्या, त्या साहेबांनी नाही कापल्या बरं का.”

“मग?”

“मीच कापायचो. सगळ्यांच्याच. साहेबांना त्रास व्हायला नको म्हणून. त्यांनी कधी कापायला सांगितलं नाही, की किती आल्या म्हणून विचारलं नाही.”

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी आतापर्यंत लिहिलेली नाही. बातमीदाराने असं करू नये. पिंपळकुंडच्या लसीची बातमी माझी होती. जुलैमध्ये मी तिथे पुलाच्या कामावर गेलो असताना दवाखान्याच्या सिस्टरने मला रिकामं कपाट उघडून दाखवलं होतं. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, मला नोकरी आहे, लेकरं आहेत, असं म्हणाली होती. मी तिला शब्द दिला आणि परत येऊन चिठ्ठी टाकली. एकदा नाही, ओळीने तीन मंगळवार. तिन्ही चिठ्ठ्या लाल रेघ घेऊन आल्या. चौथ्या मंगळवारी चहा पिताना मी ते झांबऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बैठकीत उठून विचारा ना, फेगडेभाऊ, मी तुमच्या शेजारी उभा राहतो. मी हसलो आणि म्हणालो, “आमचं वय झालं. तुझ्यासारख्या नव्यांनी विचारावं.”

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. साहेबांनी ‘माहिती कोणी दिली’ असं चार बुधवार विचारलं, तेव्हा माहिती देणारा त्याच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसून टिपणं घेत होता.

म्हणजे मी तीन आठवडे एका कारकुनाच्या पेन्सिलीला घाबरलो होतो. नारखेड्यांनी सुपारी पुढे केली, मी घेतली.

जानेवारी १९८० मध्ये कापूस खरेदीच्या एका बैठकीसाठी मी अकोल्याला गेलो. बैठक दोनला संपली आणि बस पाचची होती. मधल्या वेळात मी झांबऱ्याचा पत्ता काढला. का काढला हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं. तो एका जिन्याखालच्या खोलीत मराठी टायपिंगचे वर्ग चालवत होता. सहा यंत्रांवर सहा मुली एकच ओळ पुन्हा पुन्हा बडवत होत्या. तो मला पाहून पटकन पुढे आला, हात हातात घेतला, मुलींना सुट्टी देऊन टाकली. अंगाने भरला होता. लग्न ठरलं होतं. आईचा दमा अकोल्याच्या हवेत बरा आहे म्हणाला.

त्याने पहिली गोष्ट विचारली ती लसीची.

“आली,” मी म्हणालो. “सप्टेंबरातच. चाळीस कुप्या.”

“कशी काय?”

“मागणी गेली, आली.”

“आणि सिस्टर?”

“आहेत तिथेच.”

“मग झालं.” तो खरोखर खूश झाला. “मला त्यांचीच काळजी होती. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमच्यावरून त्यांच्यापर्यंत जायला साहेबांना काय वेळ लागला असता. म्हणून गप्प राहिलो.” मग आवाज न बदलता म्हणाला, “ती चौकट तुम्हीच लिहिली होती ना?”

मी पिशवी मांडीवर घेतली.

“‘बसा म्हटले असता’. तुमचंच वाक्य. मी बैठकीतच ओळखलं. वाईट नका वाटून घेऊ. लिखाण चांगलं होतं. विशेषण एकही नव्हतं.”

त्याने स्टोव्हवर चहा ठेवला. पाठ माझ्याकडे होती. आमच्या जिल्ह्यातून अकोल्याला येणारं वर्तमानपत्र नव्हतं, त्याचं तिकडे कोणी उरलं नव्हतं, आणि त्याने कधी कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. त्याच्या बोलण्यातून हे एकेक करून माझ्या लक्षात येत गेलं. त्याला तेवीस बाया माहीत नव्हत्या. त्याला मथळा माहीत नव्हता. त्याच्यापुरती ती गोष्ट तीस ऑगस्टला, सभागृहातल्या हसण्यावर संपली होती.

चहाचा कप माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, “एक विचारू का, फेगडेभाऊ? लग्नाची पत्रिका तिकडे वाटायची की नाही, यावरून आईशी रोज वाद होतो. तिला तिकडचे लोक हवेत. मला तोंड दाखवायला नको वाटतं. तो शब्द अजून काढतात का हो लोक? हसायला?”

माझ्या खिशातल्या वहीत त्याच आठवड्यातली दोन टिपणं होती. एक वीजमंडळाच्या लाइनमनांचं, एक शाळेतल्या मुलींचं. दोन्हींत तो शब्द होता. कोणी हसत नव्हतं. वही काढून त्याच्यासमोर धरली असती तर एक मिनिटही लागलं नसतं.

पण तो शब्द मी घडवला होता, आणि लोक तो मानाने काढतात हे सांगितलं असतं तर त्या क्षणापासून तो सगळा त्याचा झाला असता.

“नाही रे,” मी म्हणालो. “विसरले सगळे.”

त्याने डोळे मिटून मान हलवली, बराच वेळ. डोक्यावरचा भारा कोणीतरी हात लावून उतरवल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

“उपकार झाले, भाऊ,” तो म्हणाला. मग खोलीला कुलूप लावून, माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन, तो मला स्टँडपर्यंत पोचवायला आला.